स्कोफील्ड रेफरन्स बायबल: समासातली साखळी उत्तम, तळटीप जपून

मराठी मंडळ्यांत शेवटच्या काळाविषयी जे तक्ते भिंतीवर लागतात (सात कालखंड, मंडळीचे उचलले जाणे, सात वर्षांचे महासंकट, मग ख्रिस्ताचे सहस्र वर्षांचे राज्य), त्यांचा आराखडा बहुतेक वेळा एकाच पुस्तकाच्या तळटीपांशी जुळतो. ते पुस्तक म्हणजे स्कोफील्ड रेफरन्स बायबल. ज्यांनी ते कधी उघडलेले नाही असेही पुष्कळ उपदेशक त्याच्याच भाषेत बोलतात. दानीएल किंवा प्रकटीकरण यांचा वर्ग घेणाऱ्याने ते विकत घ्यावे का, आणि घेतले तर कसे वापरावे, एवढ्यापुरताच हा आढावा आहे.

आधी निकाल. समासातल्या संदर्भांच्या साखळीसाठी हे पुस्तक अजूनही पैसे वसूल करून देते. भविष्यवादावरच्या टीपांसाठी मात्र ते एकटे वापरू नये. टीपा टाकाऊ आहेत असे मुळीच नाही. अडचण अशी की जिथे शास्त्रवचन गप्प आहे, नेमक्या तिथेच टीपेचा आवाज चढतो, आणि वाचणाऱ्याला तो आवाज वचनाचाच वाटतो.

सायरस इंगर्सन स्कोफील्ड (१८४३–१९२१) हे अमेरिकेतले आधी वकील आणि मग पाळक. जॉन नेल्सन डार्बी आणि प्लिमथ ब्रदरन (ब्रिटनमधला एक ख्रिस्ती गट) यांच्यात १९व्या शतकात तयार झालेली मांडणी त्यांनी घेतली आणि थेट बायबलच्या पानावर, वचनांच्या खाली, छापली. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९०९ मध्ये पहिली आवृत्ती काढली, १९१७ मध्ये सुधारलेली. डार्बींची पुस्तके वाचायला चिकाटी लागते. स्कोफील्डसाठी फक्त पानाच्या खालच्या भागाकडे नजर टाकावी लागते. वकिलाची सवय टीपांत दिसते: व्याख्या, मुद्दे, उपमुद्दे, निष्कर्ष. वाचायला फार सुटसुटीत.

या पुस्तकाचे खरे बळ साखळीत आहे. एखादा विषय, समजा राज्य, तारण, पवित्र आत्मा किंवा प्रभूचा दिवस, पहिल्यांदा जिथे स्पष्टपणे येतो तिथे समासात त्याचे नाव आणि पुढचा संदर्भ दिलेला असतो. तो उघडला की तिथे त्याच्या पुढचा. असे दुव्यामागून दुवा जात शेवटच्या संदर्भापाशी सारांशाची टीप येते. मराठी वर्गाला हे बिनधोक उपयोगी पडते, कारण साखळी अध्याय आणि ओवीच्या आकड्यांवर चालते. इंग्रजी मजकूर किंग जेम्स या जुन्या भाषांतराचा असला तरी आपण आपले मराठी पवित्र शास्त्र उघडून तेच आकडे गाठू शकतो. 'प्रभूचा दिवस' ही एक साखळी पूर्ण केली तरी यशया, योएल, आमोस, सफन्या अशी जी पुस्तके मराठी मंडळीत फारशी उघडली जात नाहीत ती उघडावी लागतात. साखळीत कोणते वचन आले आणि कोणते गाळले, हाही अर्थात संपादकाचाच निर्णय असतो. पण ते नुकसान छोटे आहे, कारण वचन स्वतः उघडून वाचावेच लागते.

आता तळटीपा. त्यांचा कणा आहे सात डिस्पेन्सेशन्स, म्हणजे देवाने आपली इच्छा विशिष्ट रीतीने प्रकट करून माणसाच्या आज्ञाधारकपणाची परीक्षा घेतली असे सात कालखंड. १९१७ च्या आवृत्तीत त्यांच्या टीपा अशा सापडतात: निर्दोषता उत्पत्ती १:२८ ला, विवेकबुद्धी ३:२३ ला, मानवी शासन ८:२० ला, अभिवचन १२:१ ला, नियमशास्त्र निर्गम १९:८ ला, कृपा योहान १:१७ ला आणि राज्य इफिसकरांस १:१० ला. या सात टीपा सलग वाचून काढायला अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास आधी दिल्याशिवाय भविष्यवादाच्या टीपा समजणार नाहीत. दुसरा खांब म्हणजे इस्राएल आणि मंडळी यांची काटेकोर फारकत: इस्राएलला दिलेली अभिवचने मंडळीला लागू करायची नाहीत, ती पृथ्वीवर इस्राएलसाठीच पूर्ण व्हायची आहेत. हे दोन खांब मान्य केले की बाकीची इमारत आपोआप उभी राहते. मान्य नसतील तर एकेका टीपेशी भांडत बसण्यात अर्थ नाही.

दानीएल ९:२४–२७ हा या पुस्तकाचा सर्वांत कठीण पेपर, म्हणून तिथे थोडे थांबू. सत्तर सप्तके म्हणजे वर्षांची सप्तके, एकूण ४९० वर्षे, असे टीप सांगते आणि विभागणी देते: ७ सप्तके म्हणजे ४९ वर्षे, त्यांत यरुशलेमची पुन्हा बांधणी, पुढची ६२ म्हणजे ४३४ वर्षे, त्यानंतर ख्रिस्त, उरलेले एक सप्तक म्हणजे ७ वर्षे. इथवर बऱ्याच जुन्या टीकाकारांचे जुळते. मग टीप म्हणते की २६वी ओवी उघडच अनिश्चित लांबीचा काळ दाखवते, आणि ६९वे आणि ७०वे सप्तक यांच्या मध्ये अख्खे मंडळीयुग बसवते. मराठी शास्त्रात या चार ओव्या टीप झाकून वाचा. २६व्या ओवीत अभिषिक्ताचा वध आहे, नगराचा आणि पवित्रस्थानाचा नाश आहे, शेवटपर्यंत युद्ध आहे. घड्याळ थांबले, असे कुठेही म्हटलेले नाही. ते अनुमान आहे. त्यामागे कारणे आहेत, ती ऐकावीतही, पण 'उघडच' हा शब्द तिथे बसत नाही.

दुसरे अडकायचे ठिकाण म्हणजे २७व्या ओवीतला 'तो'. सप्तकभर करार करणारा आणि अर्ध्यावर यज्ञ बंद करणारा हा कोण? स्कोफील्ड त्याला २६व्या ओवीतल्या येणाऱ्या अधिपतीशी जोडतात, म्हणजे ख्रिस्तविरोधकाशी. जुनी प्रॉटेस्टंट परंपरा त्याला अभिषिक्ताशी, म्हणजे खुद्द ख्रिस्ताशी जोडते: त्याच्या मरणाने यज्ञांचे प्रयोजन संपले. आणि ज्यांना दानीएलाचे पुस्तक मकाबी काळातले, म्हणजे इ.स.पू. २ऱ्या शतकातले, वाटते ते वध झालेला अभिषिक्त म्हणजे मुख्य याजक तिसरा ओनियास, आणि यज्ञ बंद पाडणारा म्हणजे इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर विटाळणारा ग्रीक राजा अंतियोख एपिफानेस, असे वाचतात. एकाच सर्वनामावर ख्रिस्त की ख्रिस्तविरोधक हे ठरते! वर्गात एवढी एक गोष्ट फळ्यावर नीट मांडली तरी पुरे.

आकडेमोडीचेही पाहू, कारण प्रश्न हटकून येतो. आरंभ म्हणून नहेम्या २ मधली, अर्तहशश्त राजाच्या २०व्या वर्षाची परवानगी धरली तर वर्ष येते इ.स.पू. ४४५. तिथून साधी ४८३ वर्षे मोजली (शून्य वर्ष नसते हे लक्षात ठेवून) तर इ.स. ३९ येते, म्हणजे उशीर होतो. म्हणून ब्रिटिश लेखक रॉबर्ट अँडरसन यांनी आपल्या पुस्तकात ३६० दिवसांचे 'भविष्यवादी वर्ष' घेतले: ४८३ × ३६० = १,७३,८८० दिवस, आणि १४ मार्च इ.स.पू. ४४५ पासून ६ एप्रिल इ.स. ३२ पर्यंत हिशेब जुळवला. प्रकटीकरणात ४२ महिने आणि १,२६० दिवस एकच धरले आहेत, हा त्यांचा आधार. पण यहुदी लोक प्रत्यक्षात ३६० दिवसांचे वर्ष पाळत नव्हते. त्यांच्या चांद्र वर्षात आपल्या पंचांगातल्या अधिकमासासारखा महिना घालून ऋतूंशी मेळ राखला जात असे. शिवाय क्रूसावरच्या मरणासाठी बहुतेक अभ्यासक इ.स. ३० किंवा ३३ धरतात. उलट आरंभ एज्रा ७ मधल्या, अर्तहशश्ताच्या ७व्या वर्षाच्या, म्हणजे इ.स.पू. ४५७ च्या फर्मानापासून धरला तर साधी ४८३ वर्षे बरोबर इ.स. २७ ला पोचतात. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हाच हिशेब मानतात आणि त्यांच्याकडे ७०वे सप्तक सलग आहे, मध्ये खंड नाही. त्याच ४५७ पासून दानीएल ८:१४ मधले २,३०० दिवस वर्षे म्हणून मोजले की १८४४ येते. अमेरिकी उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी त्या वर्षी २२ ऑक्टोबरला प्रभूच्या पुन्हा येण्याची व्यर्थ वाट पाहिली होती. गणित बिनचूक असून निष्कर्ष फसू शकतो याचे हे उदाहरण वर्गाला आधी द्यावे, मग हिशेब शिकवावा.

इथे स्कोफील्ड यांच्यावर अन्याय होऊ नये. दिवसापर्यंतचा तो हिशेब अँडरसन यांचा आहे. स्कोफील्ड यांची टीप क्रूसाची तारीख ठरवत नाही, आणि मंडळीयुग कधी संपेल, ७०वे सप्तक कधी सुरू होईल हे कुठेच प्रकट केलेले नाही, असे स्वच्छ सांगते. तारखा काढणाऱ्यांनी त्यांचा तक्ता घेतला आणि ही ओळ सोडून दिली.

मत्तय २४:३४ वरही तेच झाले. 'ही पिढी' म्हणजे इस्राएल वंश, तो शेवटपर्यंत टिकेल, असा स्कोफील्ड यांचा अर्थ. तो मला पटत नाही. मत्तयात ११:१६ किंवा २३:३६ मध्ये 'ही पिढी' म्हणजे समोर उभे असलेले लोकच आहेत, आणि इ.स. ७० मध्ये रोमी सेनापती तीतच्या सैन्याने यरुशलेम पाडले तेव्हा त्यांतले पुष्कळ हयात असणार. पण १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले, त्यात पिढीची ४० वर्षे मिळवली, आले १९८८, हे जे गणित जगभर फिरले ते स्कोफील्ड यांचा अर्थ धरला तर मांडताच येत नाही. वंशाला ४० वर्षांची मुदत कशी लावणार?

सर्वांत कच्ची टीप यहेज्केल ३८:२ ची. गोग हा उत्तरेकडच्या, रशियाच्या नेतृत्वाखालच्या सत्तांचा निर्देश आहे यावर सर्वांचे एकमत आहे, असे ती म्हणते, आणि मेशेख आणि तुबाल म्हणजे मॉस्को आणि तोबोल्स्क ही ओळख पटवणारी स्पष्ट खूण मानते. एकमत तेव्हाही नव्हते, आताही नाही. मेशेख आणि तुबाल ही नावे अश्शूरी शिलालेखांत मुश्की आणि ताबाल म्हणून येतात आणि ती आजच्या तुर्कस्तानातल्या लोकांची आहेत. इतके लांब जायलाही नको: यहेज्केलनेच २७:१३ मध्ये त्यांना सोर शहराशी गुलामांचा आणि तांब्याच्या भांड्यांचा व्यापार करणारे म्हटले आहे. मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख ११४७ चा, तोबोल्स्कची स्थापना १५८७ ची. नावांच्या नादसाम्यावर भूगोल उभारला तर काय होते हे पाहायचे असेल तर ही टीप अवश्य वाचावी. दरवेळी युद्धाची बातमी आली की मंडळीत जो व्हॉट्सॲप संदेश फिरतो त्याचे मूळ अनेकदा इथेच असते. गंमत म्हणजे याच पानावरची समासातली साखळी तुम्हाला उत्पत्ती १०:२ कडे नेते, जिथे मेशेख आणि तुबाल याफेथाच्या वंशावळीत आहेत. टीप सोडून दुव्यामागे गेलेला वाचक वाट चुकत नाही.

प्रकटीकरण २ आणि ३ मधल्या सात मंडळ्यांना चार अर्थ आहेत असे १:२० ची टीप सांगते: त्या गावांतल्या मंडळ्या, सर्व काळच्या मंडळ्यांना इशारा, प्रत्येक विश्वासणाऱ्याला बोध, आणि इ.स. ९६ च्या सुमारापासून शेवटपर्यंतच्या मंडळीच्या इतिहासाचे सात टप्पे. पहिल्या तिन्हींना कोणाची हरकत नसावी. चौथ्यात स्मुर्णा म्हणजे रोमी छळ, पर्गम म्हणजे कॉन्स्टंटाइननंतर जगात स्थिरावलेली मंडळी, थुवतीरा म्हणजे पोपसत्ता, सार्दीस म्हणजे प्रॉटेस्टंट सुधारणा, आणि शेवटी कोमट लावदिकीया. हा इतिहास पश्चिम युरोपचा आहे. केरळातले थोमाचे ख्रिस्ती, इथिओपियाची मंडळी, सिरियाची मंडळी या सातांपैकी कुठल्या घरात बसवायची? पोपसत्ता आणि सुधारणा हे त्यांचे टप्पेच नव्हते. मराठी वर्गाने तरी हा प्रश्न विचारायलाच हवा. मजकुरात भविष्यकाळाचा असा कुठलाही संकेत नाही. इफिसपासून लावदिकीयापर्यंत सातही गावे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात नकाशावर दाखवता येतात.

पुढे ४:१ ला योहानाला 'इकडे वर ये' अशी हाक येते. टीपेला ती १ थेस्सलनीकाकरांस ४:१४–१७ ची, म्हणजे मंडळीच्या उचलले जाण्याची, स्पष्ट खूण वाटते. कारण यानंतर सर्व काही पुरे होईपर्यंत 'मंडळी' हा शब्द पुन्हा येत नाही. शब्दाची नोंद बरोबर आहे, थेट २२:१६ पर्यंत तो येत नाही. पण हाक एकट्या योहानाला आहे, आणि पवित्र जन तर त्या अध्यायांत जागोजागी आहेत. महासंकटाच्या आधी उचलले जाण्याची शिकवण देणाऱ्याने हे वर्गाला सांगावे की थेस्सलनीकाकरांसच्या त्या ओव्यांत 'महासंकटाआधी' हे शब्द नाहीत. त्या ओव्या मृतांबद्दल शोक करणाऱ्यांच्या सांत्वनासाठी लिहिल्या आहेत. क्रम इतर वचनांच्या जोडणीतून येतो. जोडणी करणे गैर नाही, पण जोड दिसू द्यावी.

हे सगळे फक्त तक्त्यापुरते असते तर एवढे ताणून लिहिले नसते. पण ही मांडणी रोजच्या प्रार्थनेपर्यंत पोचते. डोंगरावरील प्रवचन शब्दशः येणाऱ्या राज्याला लागू आहे, मंडळीला त्याचा सुंदर नैतिक बोध घेता येतो, अशी टीप मत्तय ५ ला आहे. मग ६:१२ ला, जिथे आम्ही आमच्या ऋण्यांना सोडले तसे तू आम्हांला सोड असे आपण म्हणतो, टीप सांगते की ही नियमशास्त्राची भूमी आहे. कृपेसाठी इफिसकरांस ४:३२ पाहा. दर रविवारी सगळी मंडळी एका सुरात जी प्रार्थना म्हणते तिची एक ओळ दुसऱ्या कालखंडात ढकलली गेली! कालखंडांची सीमारेषा एकदा पक्की केली की ती अशा ठिकाणीही ओढावीच लागते. प्रभूने ती प्रार्थना शिष्यांना शिकवली, आणि मत्तय १८:३५ मध्ये हाच मुद्दा दाखल्यासह पुन्हा सांगितला, याला टीपेत उत्तर नाही. योहान १:१७ ची १९१७ ची टीपही अशीच अडचणीची: जुन्या करारात नियम पाळून तारण मिळत होते की काय असा अर्थ तिच्यातून निघे. त्यावर इतकी टीका झाली की १९६७ च्या आवृत्तीत ती बदलली.

वापरायची रीत साधी आहे. अध्याय आधी मराठीत, टीपेशिवाय, पूर्ण वाचायचा. वहीचे पान मधोमध दुमडायचे. डावीकडे वचनात जे आहे तेवढेच, उजवीकडे टीपेने जे वाढवले ते. टीपेत 'उघड', 'स्पष्ट', 'सर्वांचे एकमत' असे काही दिसले की तिथे पेन्सिलीने खूण. दहांतल्या बहुतेक वेळा उजवा रकाना तिथेच लांबलेला असतो. मग साखळीतली वचने एकेक करून त्यांच्या पूर्ण अध्यायासह. शेवटी दुसऱ्या परंपरेचे एक वाचन, तेही त्या परंपरेतल्या माणसाकडून. यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. पुण्यात स्पायसर हे अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे, तिथला अ‍ॅडव्हेंटिस्ट अभ्यासक तुम्हाला खंडाशिवायची सप्तके समजावेल. वसईचा किंवा गोव्याचा कॅथलिक धर्मगुरू सांगेल की त्यांचा धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद ६७६ मध्ये इतिहासाच्या आतच मशीहाचे राज्य येईल या अपेक्षेला नकार देतो, आणि प्रकटीकरण २० मधली सहस्र वर्षे ५व्या शतकातल्या संत ऑगस्टीनपासून मंडळीचा चालू काळ म्हणून वाचली गेली आहेत. त्यांचे पटलेच पाहिजे असे नाही. तीन वाचने शेजारी ठेवली की कोणते वाक्य वचनाचे आणि कोणते घराण्याचे ते आपोआप वेगळे होते. दानीएल ९ ला अशा रीतीने दीड-दीड तासाच्या तीन बैठका लागतात. एका बैठकीत उरकायला गेले की तक्ताच शिकवला जातो.

फोनवर १९१७ च्या टीपा फुकट वाचता येतात, पण बऱ्याच ठिकाणी समासातली साखळी गाळलेली असते आणि नुसत्या टीपा एकाखाली एक येतात. म्हणजे चांगला भाग गेला आणि जपून वापरायचा भाग तेवढा उरला. साखळी हवी असेल तर छापील प्रतच घ्यावी. कागद पातळ असतो, जेल पेन आणि ओला हायलायटर मागच्या पानावर उमटतात; पेन्सिल किंवा कोरडी खडू-हायलायटर बरी. अक्षर बारीक आहे, चाळिशी लागलेल्यांनी मोठ्या अक्षराची प्रत मागावी.

खरेदी करताना आवृत्ती नीट पाहून घ्या, कारण सगळ्यांच्या पाठीवर स्कोफील्ड हेच नाव असते. 'ओल्ड स्कोफील्ड' म्हणून विकली जाते ती १९१७ ची. उत्पत्ती १ च्या पानावर आर्चबिशप अशर यांच्या गणनेचे इ.स.पू. ४००४ छापलेले दिसले की ती समजावी. १९६७ ची 'न्यू स्कोफील्ड' संपादक मंडळाने तयार केली; तिच्यात किंग जेम्सचे जुने शब्द बदलले आहेत आणि बदललेल्या शब्दांना उभ्या रेघा घालून मूळ शब्द समासात दिला आहे. 'स्कोफील्ड थ्री' नंतरची, वेगवेगळ्या इंग्रजी भाषांतरांसह मिळते. मराठी वर्गातली शिकवण कुठून आली ते शोधायचे असेल तर १९१७ ची. रोजच्या तयारीसाठी १९६७ ची. जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेत असाल तर प्रकटीकरणाची शेवटची पाने आणि मागची शब्दसूची जागेवर आहे का ते आधी उलगडून बघा, बांधणी बहुधा तिथूनच सुटते.